हवेचा जमाखर्च

आमच्या घरात आजवर तोफ नव्हती. तिच्यावाचून काही अडत होतं अशातलाही भाग नाही. आवाजाची गरज भागवायला आमचा मिक्सर समर्थ आहे आणि धुराची गरज रोजची फोडणी भागवते. तरीही गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी तोफ करायला घेतली. बी. कॉम. झालेल्या आणि वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाने चाळिशी उलटल्यावर तोफ का करावी, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी त्याच दिवशी विचारला होता. त्याचं उत्तर जरा आधीच्या दिवाळीपासून सुरू होतं.

आमच्या इमारतीतली पोरं दरवर्षी पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत किल्ला करतात. दगड, विटा, पोत्यावर थापलेली माती, वर अळीव पेरून उगवलेलं गवत आणि त्या गवतात कमरेपर्यंत बुडालेले मावळे. त्या आधीच्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी पत्र्याच्या डब्याची तोफ केली होती. डब्यात लवंगी ठेवून वात पेटवली. ती उडेना. का उडत नाही हे बघायला चिरंजीवांनी हात घातला आणि नेमकी तेव्हाच ती उडाली. डॉक्टरांनी मलम दिलं, पंधरा दिवसांत तळहात बरा झाला, एक गुलाबी डाग तेवढा राहिला. पण पोरगं आतून बिचकलं ते बिचकलंच. त्यानंतर गणपतीत ढोल वाजला तरी हे दार लावून आत बसायचं.

यंदा पोरांनी पावनखिंडीचा देखावा करायचं ठरवलं. १६६० सालची ती रात्र, पन्हाळ्याहून निघालेले महाराज, घोडखिंडीत पाय रोवून उभे राहिलेले बाजीप्रभू. महाराज विशाळगडावर पोचले की तोफांचे आवाज व्हायचे आणि ते ऐकल्यावरच बाजींनी प्राण सोडायचा, अशी ही कथा आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तोफा किती, याबद्दल सांगणारे वेगवेगळं सांगतात. चिरंजीवांच्या वर्गातल्या बाईंनी पाच सांगितल्या होत्या, तेव्हा आमच्या घरापुरता तो आकडा कायम झाला.

"मग तोफा कोण करणार?" मी सहज विचारलं.

"तोफा नकोत बाबा," चिरंजीव मातीकडे बघत म्हणाले, "मी तोंडाने आवाज काढीन."

त्या रात्री मला झोप लागली नाही. विशाळगडावरून कोणी तोंडाने 'ढुम' म्हणालं असतं तर ते घोडखिंडीपर्यंत पोचलं असतं का, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा, की दहा वर्षांच्या पोराने तोफेला घाबरून तोंडाने आवाज काढावा, हे बापाच्या जिवाला लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाची नळी निसटली आणि माझ्या तोंडावर फस्सकन हवा आली. त्या फस्समध्ये मला मार्ग दिसला. दारू नको, वात नको, काडी नको. तोफ हवेवर चालवायची!

वाणिज्य शाखेच्या माणसाला ही गोष्ट चटकन पटते. दारू म्हणजे कर्ज. एक काडी लावली की क्षणात मोठी रक्कम हातात, आणि पुढे फेडताना हात भाजतो. हवा म्हणजे रिकरिंग डिपॉझिट. आपल्याच घामाची, पंपाच्या एकेका हप्त्याने साठवायची आणि मुदत भरली की एकदम काढायची. दारूच्या तोफेत जे काम स्फोटाचा गॅस करतो, तेच इथे कोंडलेली हवा करते. बाहेर पडायची घाई तिला सदाचीच असते. तिच्या वाटेत गोळा बसवला की ती त्याला पुढे घालून निघते. सकाळची नऊ बावीसची लोकल पकडणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त पदार्थविज्ञान समजावून सांगावं लागत नाही.

हा शोध आपलाच, अशी माझी दीड दिवस समजूत होती. दीड दिवसाने, गणपतीच्या नियमानुसार, तिचं विसर्जन झालं. वाचायला बसलो तेव्हा कळलं, की मला जरा उशीर झाला होता. सुमारे बावीसशे वर्षांचा.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात, क्तेसिबियस नावाचा एक न्हाव्याचा मुलगा होता. बापाच्या दुकानातला आरसा सहज वरखाली करता यावा म्हणून त्याने आरशाची दोरी लपवून नेली आणि तिच्या टोकाला एका नळीत शिशाचा गोळा सोडला. गोळा नळीतून वेगाने खाली आला, की खालची हवा दाबली जाई आणि बाहेर पडताना मोठा आवाज करी. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने ही हकिकत लिहून ठेवली आहे. दुसरा एखादा मुलगा असता तर त्याने कानात बोळे घातले असते. क्तेसिबियसने त्या आवाजातून पाण्याचा पंप काढला, पाण्याच्या दाबावर वाजणारा ऑर्गन काढला आणि दगड फेकणारं एक यंत्रही काढलं. त्या काळची दगडफेकी यंत्रं जनावरांच्या स्नायूंच्या किंवा केसांच्या पिळलेल्या दोरांवर चालत. याने दोरांच्या जागी काशाची नळकांडी बसवली आणि त्यांत दट्ट्याने हवा दाबून तिची स्प्रिंग केली. त्याचं वर्णन बायझंटियमच्या फिलोने केलेलं आहे. न्हाव्याच्या दुकानात आपल्याकडेही हवा पुष्कळ असते. पण तिचा उपयोग अजून मंत्रिमंडळं पाडण्यापलीकडे गेलेला नाही.

पुढे हवेची खरी किंमत जगाला दाखवली ती जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराच्या नगराध्यक्षाने. ओटो फॉन गेरिके त्याचं नाव. १६५० च्या सुमाराला त्याने हवा उपसून काढणारा पंप केला. तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना चिकटवून आतली हवा काढून घेतली आणि १६५७ साली आपल्या गावी त्यांना दोन्ही बाजूंनी आठ-आठ घोडे जुंपले. घोडे घामाघूम झाले तरी गोल सुटेनात. आत हवा सोडली, की दोन बोटांनी सुटायचे. आपल्या अंगावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो हवा बसलेली असते, हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं. नगराध्यक्ष आणि हवा यांचा संबंध आपल्याकडेही असतो, पण तो निवडणुकीपुरता.

एवढी थोर परंपरा पाठीशी आल्यावर मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"पाइप हवाय. प्लॅस्टिकचा."

"कशाला?"

मी आजूबाजूला पाहून हळू आवाजात म्हणालो, "तोफेला."

"दोन इंची देऊ का अडीच?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं. पुण्यात हार्डवेअरचा धंदा करणाऱ्या माणसाला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. दोन पाइप, दोन टोपणं, एक फिरकीचा व्हॉल्व्ह आणि चिकटवायला सोल्युशनची बाटली घेऊन मी घरी आलो. सायकलवाल्याकडून एक जुना वॉल्व्ह मागून आणला. जाड पाइप म्हणजे हवेची तिजोरी, बारीक पाइप म्हणजे नळी, मध्ये फिरकी. तिजोरीत हवा भरायची, नळीत गोळा ठेवायचा आणि फिरकी झटक्यात उघडायची. सोल्युशनच्या वासाने सौ.चं डोकं दुखलं आणि रात्रीचं जेवण आम्ही गॅलरीत केलं.

मग सुरू झाले हप्ते. दहा, वीस, तीस... चाळिसाव्या दट्ट्याला मी खाली बसलो.

"डॉक्टर व्यायाम करा म्हणत होते, तो हाच का हो?" सौ.नी दारातून विचारलं.

मी तिला दम खात खात ऑस्ट्रियन सैनिकांची गोष्ट सांगितली. बार्तोलोमेओ जिरार्दोनी नावाच्या कारागिराने १७८० च्या सुमाराला ऑस्ट्रियाच्या सैन्याला हवेची रायफल करून दिली. बंदुकीचा दस्ता पोकळ लोखंडी, तीच हवेची टाकी. बाजूच्या नळीत वीसएक गोळ्या. बाकीचं सैन्य एकेका बारासाठी दारू ठासतंय, गज मारतंय, तोवर हा शिपाई नुसती नळी कलती करून पुढची गोळी आणायचा आणि झाडायचा. धूर नाही, पावसात दारू भिजण्याची भीती नाही. मग अशी बंदूक जगभर का गेली नाही? तर ती एक टाकी भरायला हातपंपाचे सुमारे पंधराशे दट्टे मारावे लागत! दाब चौरस इंचाला आठशे पौंडांच्या आसपास. आपल्या सायकलच्या चाकात असतो चाळीस-पन्नास. शिवाय चामड्याचे वॉशर सुकले की हवा गळायची, टाकी चेपली की संपलं, आणि दुरुस्तीला साधा लोहार चालायचा नाही. पस्तीसएक वर्षांत ती बंदूक सैन्यातून गेली. थोडक्यात, व्याजदर उत्तम, पण खातं उघडण्याची कटकट फार.

"पंधराशे?" सौ. म्हणाल्या, "मग तुम्ही अजून चाळीसच. उठा."

पहिला बार रविवारी दुपारी पार्किंगमध्ये झाला. गोळा म्हणून बटाटा घेतला. यालाही आधार आहे. १९४० साली, दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यातल्या होल्मन ब्रदर्स या कारखान्याने व्यापारी बोटींसाठी हवेची तोफ केली होती. बोटीवर झडप घालणाऱ्या विमानांच्या वाटेत तिने हातबॉम्ब उडवायचे. खाणीतली यंत्रं करणारा तो कारखाना, त्याला हवेची सवय होती. पुढे पुढे हवेऐवजी बोटीच्या बॉयलरची वाफही वापरायला लागले. चर्चिलसाहेब ती तोफ बघायला आले तेव्हा नेमके बॉम्ब आणायचे राहिले होते, मग तिच्यातून बिअरच्या बाटल्या उडवून दाखवल्या, अशी गोष्ट सांगतात. आणि विमानं येत नसत तेव्हा खलाशी त्याच तोफेने शेजारच्या बोटींवर बटाटे मारत. म्हणजे जगातल्या सगळ्या बटाटातोफांचं कुळ साहेबाच्या आरमारापर्यंत जातं.

मी फिरकी उघडली. 'फुस्स' असा आवाज झाला. बटाटा नळीतून बाहेर पडला, थोडा विचार केल्यासारखा हवेतून गेला आणि पाचएक हातांवर माझ्याच स्कूटरखाली जाऊन बसला.

चिरंजीव दाराआडून बघत होते. त्यांनी कानांवरचे हात काढले. "बाबा, आवाज कुठाय?"

इथे माझ्या योजनेतली चूक माझ्या लक्षात आली. हवेची तोफ जवळजवळ मुकी असते. अमेरिकन आरमाराला एकेकाळी हा गुण वाटला होता. त्या वेळी डायनामाइट नवं होतं. ते गोळ्यात भरून दारूच्या तोफेतून उडवलं, तर दारूच्या धक्क्याने नळीतच फुटायची भीती. तेव्हा झालिन्स्की नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हवेवर चालणारी, हळुवार धक्का देणारी तोफ पुढे आणली. १८८८ साली 'व्हेसुव्हियस' नावाची युद्धनौकाच या तोफांसाठी बांधून पाण्यात सोडली. पंधरा इंची तोंडाच्या, पंचावन्न फूट लांबीच्या तीन नळ्या, बोटीच्या पुढच्या भागात शेजारी शेजारी पक्क्या बसवलेल्या. त्या वळायच्या नाहीत, वर-खाली व्हायच्या नाहीत. नेम धरायचा तर अख्खी बोट वळवायची आणि गोळा लांब टाकायचा की जवळ, हे हवा कमीजास्त सोडून ठरवायचं! १८९८ च्या जून महिन्यात क्यूबातल्या सांतियागोच्या किनाऱ्यावर तिने रात्रीचे मारे केले. किनाऱ्यावरच्या स्पॅनिश सैनिकांना तोफेचा आवाजच यायचा नाही, एकदम गोळाच यायचा. नुकसान बेताचं झालं, धास्ती मात्र मोठी बसली. त्याच मोहिमेत जमिनीवर सिम्स-डडली नावाची धाकटी तोफ होती. तिच्यात पंप वगैरे नव्हता. आधी थोडीशी दारू उडवायची, तिच्या जोराने हवा दाबायची आणि मग हवेने गोळा फेकायचा. म्हणजे कर्ज काढून त्याची मुदत ठेव करण्यातला प्रकार! असे खातेदार आमच्याकडेही येतात. पुढे धक्का सोसणारी नवी स्फोटकं आली आणि या सगळ्या हवेतल्या हवाल्याचं कामच उरलं नाही. 'व्हेसुव्हियस'वरच्या हवेच्या तोफा काढून तिला टॉर्पेडोच्या चाचण्यांना लावलं.

मुकी तोफ क्यूबात चालेल, विशाळगडावर चालत नाही. तिथे व्हेसुव्हियस असती तर आवाजाची वाट बघत बाजीप्रभू आजतागायत खिंडीत लढत राहिले असते.

तेव्हा दाब वाढवायचा, असं मी ठरवलं. शंभर दट्टे. चिरंजीव आता दाराआडून बाहेर आले होते, माझ्या पाठीशी उभे होते, तोंडाने मोजत होते. वर्षभरात पहिल्यांदा ते पोर कुठल्यातरी तोफेच्या एवढं जवळ आलं होतं. त्याच आनंदात मी पंप मारत होतो. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद...

नव्वदाव्याला तोफेचं मागचं टोपण उडालं.

आवाज उत्तम झाला, हे कबूल केलं पाहिजे. टोपण चिरंजीवांच्या कानाजवळून गेलं आणि माझ्या स्कूटरचा आरसा फोडून भिंतीवर आपटलं. पोरगं ओरडलंसुद्धा नाही. पांढरंफटक पडून जागच्या जागी उभं राहिलं. मी त्याला उचलून वर आणलं, चारचारदा कान तपासला. ओरखडाही नव्हता. सौ. काही बोलल्या नाहीत. आमच्या संसारात त्यांच्या न बोलण्याचे प्रसंग इतके थोडे, की मला ते तारखांसकट पाठ आहेत.

रात्री मला १८०३ सालची एक नोंद आठवत राहिली. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या मेरिवेदर ल्युइसने हवेची एक रायफल बरोबर घेतली होती, बहुधा ती जिरार्दोनीचीच. पुढे वाटेतल्या आदिवासी टोळ्यांना तो ती झाडून दाखवायचा आणि माणसं थक्क व्हायची. पण पिट्सबर्गहून निघाल्या निघाल्या, ऑगस्टच्या अखेरीस, एका बेटावर ती बघायला माणसं जमली. एका पाहुण्याच्या हातून ती चुकून उडाली आणि चाळीस यार्डांवरच्या एका बाईची हॅट भेदून गोळी तिच्या कानशिलाला चाटून गेली. बाई कोसळली. सगळ्यांना वाटलं, संपलं. थोड्या वेळाने ती शुद्धीवर आली, जखम वरवरची होती. ल्युइसच्या प्रवासाची रोजनिशी या घटनेने सुरू होते. दिवसा मी ही हकिकत वाचली होती तेव्हा मला हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळमजल्यावरचे नाना वर आले. नाना रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. हातात माझं उडालेलं टोपण होतं.

"हे तुमचं का?"

"हो नाना. चिकटवताना जरा..."

"चिकटवण्याचं सोडा. सुटलं म्हणून वाचलात," नाना बसत म्हणाले. "ते धरून राहिलं असतं आणि पाइप फुटला असता, तर प्लॅस्टिकच्या काचा झाल्या असत्या. अहो, मी उमेदवारीपासून हवेतच काम केलं. अर्धी नोकरी हवा आत सोडून गाडी थांबवली, तो व्हॅक्यूम ब्रेक. उरलेली अर्धी हवा बाहेर सोडून थांबवली, तो एअर ब्रेक. एक सांगतो. हा पाइप पाण्याचा. पाणी दाबून बसत नाही, त्यामुळे पाइप तडकला तर नुसतं गळतं. हवा दाबून बसते आणि दाबून बसलेलं सगळं राग धरून असतं. पाण्याच्या पाइपात हवा कोंडायची नाही."

रिकरिंगला धोका नसतो, या माझ्या सिद्धान्तातली ही चूक होती. ठेव कितीही घामाची असो, ठेवायची कुठे हे आधी बघावं लागतं. हे मी रोज काउंटरवर लोकांना सांगतो.

"मग नाना, तोफ राहिली म्हणायची," मी म्हणालो.

चिरंजीव दाराशी उभे होते. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुझा बाप साठवायला गेला, तिथे चुकला. साठवायची कशाला? लागेल तेवढीच दाबायची. उद्या खाली ये. वहीचे रद्दी कागद आण भिजवून."

दुसऱ्या दिवशी नानांनी बांबूचं एक हातभर पेर कापलं, दोन्ही बाजूंनी मोकळं. त्यात सैलसर जाईल असा एक काठीचा दांडा तासला, मुठीसकट. मग भिजल्या कागदाचा एक बोळा दांड्याने ढकलत नळीच्या पार पुढच्या तोंडाशी नेऊन बसवला. दुसरा बोळा मागच्या तोंडात घट्ट बसवला. आता दोन बोळ्यांच्या मध्ये हवा अडकली. दांडा जोरात आत मारला. मागचा बोळा पुढे सरकला, मधली हवा दाबली गेली, पुढच्याला ती सोसवेना.

फट्ट!

आवाज असा खणखणीत, की वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली. बोळा समोरच्या भिंतीवर थपकन बसला. आणि मागचा बोळा आता पुढच्या तोंडाशी येऊन थांबला होता, पुढच्या बाराला तयार. ना टाकी, ना व्हॉल्व्ह. हवा ज्या क्षणी जमा, त्याच क्षणी खर्च. शिल्लक शून्य. रोजच्या रोज हिशोब मिटवणारी अशी तोफ क्तेसिबियसलाही पटली असती.

पुढे वाचताना कळलं, की बस्तरमध्ये जगदलपूरला गोंचाच्या सणात, जगन्नाथाच्या रथाला याच बांबूच्या नळीने सलामी देतात. गोळी म्हणून मालकांगणीची फळं घालतात आणि या नळीचं तिथलं नाव आहे 'तुपकी'. मी खुर्चीत सरळ बसलो. तुपकी म्हणजे आपली तुपक की! मग त्या शब्दाच्या मागे लागलो. आपली तुपक, फारसीतली तुफंग, तुर्कीतली तुफेक या एकाच घरच्या. आणि शब्दांची कुळं शोधणारे सांगतात, की अकराव्या शतकात महमूद काश्गरीने केलेल्या तुर्की भाषांच्या कोशात या घराण्याचा मूळपुरुष सापडतो. तिथे त्याचा अर्थ बंदूक नाही, कारण बंदूक तेव्हा त्या मुलखात आलेलीच नव्हती. अर्थ आहे, फुंकर मारून पाखरांवर खडे उडवायची पोकळ नळी! म्हणजे हवेची बंदूक ही दारूच्या बंदुकीची नक्कल नव्हे. नाव मुळात हवेचं होतं, दारूने ते पुढे बळकावलं. भाडेकरूने घर आपल्या नावावर करून घ्यावं, तसं.

वसुबारसेच्या संध्याकाळी किल्ला पुरा झाला. खिंडीत बाजीप्रभू, दोन्ही हातांत काडीचे पट्टे. वरच्या विटेवर विशाळगड. विशाळगडाच्या मागे पाच पोरं पाच बांबू घेऊन उभी. नानांनी पाचही नळ्या स्वतः तासल्या होत्या आणि बोळे तेवढे मला करायला दिले होते. पाचवी नळी चिरंजीवांकडे. इमारतीतली सगळी मंडळी जमली होती. सौ. जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या, त्या अजून माझ्याशी मोजकंच बोलत होत्या.

"महाराज गडावर पोचले!" कोणीतरी ओरडलं.

फट्ट. फट्ट. फट्ट. फट्ट.

मग काहीच नाही. चिरंजीवांनी डोळे मिटलेले, दांड्यावरची मूठ थरथरत होती. त्या मुठीत तो गुलाबी डाग असणार. मला पुढे जावंसं वाटलं. नानांनी माझ्या दंडाला धरून मागे ओढलं. खिंडीत बाजीप्रभू खोळंबले होते. पार्किंगमध्ये चाळीसएक माणसं गप्प उभी होती.

फट्ट!

चिरंजीवांनी एक डोळा उघडला. स्वतःचा हात उलटापालटा करून पाहिला. मग खिंडीजवळ जाऊन त्यांनी बाजीप्रभूंना दोन बोटांनी हलकेच आडवं केलं, अगदी झोपलेल्या बाळाला ठेवावं तसं. पोरांनी जयजयकार केला. मी नाक पुसलं. पार्किंगमध्ये धूळ फार असते.

"बाबा, अजून एक बोळा आहे?"

"अरे, पण बाईंनी तर पाचच सांगितल्या होत्या ना?"

"ही माझी," चिरंजीव म्हणाले आणि डोळे उघडे ठेवून त्यांनी दांडा मारला.

बँकेत संध्याकाळी हिशोबात एक रुपया जास्त निघाला तरी आम्ही तो सापडेपर्यंत घरी जात नाही. इतिहासात पाच आणि आमच्या पार्किंगमध्ये सहा, असा एका तोफेचा फरक त्या दिवशी राहिला. तो मी तसाच पुढे ओढला आहे.